सकाळी दाखल, संध्याकाळी घरी

हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध, मोतीबिंदू, क्युरेटिन, अंगावरची एखादी गाठ, काही ठिकाणी आता पित्ताशयातले खडेसुद्धा. आधीच्या पिढीत यातल्या बहुतेक ऑपरेशनांसाठी घरून चादर, ताट-वाटी आणि थर्मास घेऊन निघावं लागे आणि टाके निघेपर्यंत कॉट सुटत नसे. आज डॉक्टर सांगतात, सकाळी सातला या, संध्याकाळी घरी जा. उल्हासनगरच्या कॅम्पांत, अंबरनाथच्या पूर्वेला-पश्चिमेला आणि बदलापुरात नर्सिंग होमच्या पाट्यांवर ‘डे-केअर’ हा शब्द आता सर्रास वाचायला मिळतो. २०११च्या जनगणनेत या तीन शहरांची मिळून लोकसंख्या नऊ लाखांच्या वर होती, आणि त्यानंतर अंबरनाथ-बदलापूर किती वाढलं हे सकाळच्या लोकलमध्ये चढणाऱ्याला वेगळं सांगायला नको. खाटा कमी आणि माणसं जास्त असलेल्या या पट्ट्यात एका दिवसात घरी सोडणारी शस्त्रक्रिया ही खरोखर सोय आहे. खर्च वाचतो, घरच्यांची धावपळ कमी होते, रुग्णालयातला जंतुसंसर्ग चिकटण्याची शक्यता घटते. पण या सोयीबरोबर एक गैरसमजही घरोघरी शिरला आहे. मुक्काम कमी झाला म्हणजे ऑपरेशन किरकोळ झालं, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात टेबलावरचं काम होतं तेवढंच आहे आणि भूलही तशीच आहे. कमी झाला आहे तो फक्त वॉर्डातला मुक्काम. आदल्या संध्याकाळी सिस्टर जे विचारायच्या, बघायच्या, थांबवायच्या आणि नंतरच्या रात्री ज्यावर लक्ष ठेवायच्या, ते सगळं काम आता रुग्णाच्या घरी आलं आहे. हे काम आपल्याकडे आलंय याची जाणीव बहुतेक घरांना नाही, आणि रुग्णालयंही ती पुरेशी करून देत नाहीत. माझा सगळा आग्रह एवढ्याच एका गोष्टीसाठी आहे.

ही पद्धत सुरू झाली तेव्हा घराचा विचार तिच्या मुळाशी होता. ग्लासगोच्या मुलांच्या रुग्णालयातले सर्जन जेम्स निकॉल यांनी १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आपल्या दहा वर्षांच्या कामाचा हिशेब मांडला. दाखल न करता केलेल्या ८,९८८ शस्त्रक्रिया, त्यांत हर्निया आणि दुभंगलेल्या ओठांची तान्ही मुलंसुद्धा. ऑपरेशननंतर ही मुलं आयांच्या कडेवर घरी जात. निकॉल यांचं म्हणणं असं की लहान मुलाला अनोळखी वॉर्डापेक्षा आईजवळच चांगला आराम मिळतो. मात्र त्यांच्या प्रशिक्षित परिचारिका घरी जाऊन मुलांना बघून येत, आणि घरची परिस्थिती ठीक असणं ही त्यांच्या लेखी अट होती. पुढे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने २००० साली आधी ठरवून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांपैकी पाऊणहिस्सा एका दिवसात उरकायचं उद्दिष्ट ठेवलं, आणि तिथे ऑपरेशनपूर्व तपासणीचे वेगळे दवाखाने उभे राहिले. आपण एका दिवसात घरी सोडायची पद्धत उचलली. घरी येऊन बघणारी परिचारिका आणि आधी होणारी सविस्तर चौकशी मात्र बऱ्याच ठिकाणी मागेच राहिली. ही उणीव भरून निघत नाही तोवर रुग्णाने आणि त्याच्या माणसांनी सावध राहणं भाग आहे.

सुरुवात पोटापासून करू, कारण सगळ्यात जास्त घोटाळे तिथे होतात. भूल दिली की शरीराची एक राखण सुटते. एरवी अन्नाचा कण चुकून श्वासनलिकेकडे गेला तर आपल्याला ठसका लागतो. भुलेत ठसका लागत नाही. पोटात काही असेल तर ते वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदी तपासून हे दाखवून दिलं. ६६ जणींच्या बाबतीत पोटातलं फुप्फुसात गेलं होतं आणि त्यातल्या दोघी श्वासमार्गात घट्ट अन्न अडकून दगावल्या. ‘रात्री बारानंतर काही नाही’ हा नियम पुढे जगभर रुजला, त्यामागे हा अभ्यास आहे. भूलशास्त्राचे आजचे नियम अधिक नेमके आहेत. तळलेलं, तुपकट किंवा मांसाहारी जेवण असेल तर साधारण आठ तास, हलका आहार किंवा दूध असेल तर सहा तास, आणि साधं पाणी ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत चालतं.

आता आपल्या घरातली सकाळ बघा. पाच वाजता उठलेला माणूस म्हणतो, मी काही खाल्लं नाही, फक्त अर्धा कप चहा घेतला. आपला चहा म्हणजे निम्मं दूध, साखर, आणि बरोबर एखादं बिस्कीट किंवा खारी. परदेशातल्या काही नियमांत चमचाभर दूध घातलेल्या चहाला मोकळीक आहे, पण आपला दुधाळ चहा त्या सवलतीत बसत नाही. भूलतज्ज्ञ तो दुधाच्या हिशेबात धरतो आणि सहा तास मोजतो. सातला चहा प्यायलेल्या माणसाचं नऊचं ऑपरेशन पुढे ढकललं जातं, आणि ते ढकलणारा डॉक्टर त्याचं भलंच करत असतो. याच्या उलट टोकाला जाणारेही कमी नाहीत. रात्री नऊला जेवून ‘पाण्याचा थेंबसुद्धा नाही’ असा निर्धार करून बसलेली वयस्कर बाई, तिचा नंबर दुपारी दोनला लागणार, आणि महिना मे. सतरा तासांनंतर तिला चक्कर येते, शीर सापडत नाही, मधुमेह असेल तर साखर खाली येते. म्हणून आदल्या दिवशी दोन प्रश्न विचारूनच घ्यावेत. माझा नंबर साधारण किती वाजता आहे, आणि पाणी मी किती वाजेपर्यंत पिऊ शकते? नंबर मागे-पुढे होतो म्हणून वेळ सांगता येत नाही, असं उत्तर मिळेल. त्यात तथ्यही आहे. तरी निदान ‘सकाळी सहापर्यंत पाणी घ्या’ एवढं ठरवून देणं कुठल्याही रुग्णालयाला अवघड नाही. फक्त कंबरेखाली भूल असली तरी हे नियम पाळावेच लागतात, कारण ती भूल पुरली नाही तर पूर्ण भूल द्यावी लागते. डोळ्यात थेंब टाकून होणाऱ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मात्र बहुधा उपाशी राहावं लागत नाही. तिथे डॉक्टर सांगतील तेच खरं.

औषधांचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण त्यात ‘सगळं बंद’ किंवा ‘सगळं चालू’ असं सरसकट उत्तर नाही. बीपीच्या बहुतेक गोळ्या ऑपरेशनच्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात, तरी त्यातल्या एक-दोन प्रकारच्या गोळ्या भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी थांबवायला सांगतो. मधुमेहाच्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर साखर धोकादायक उतरू शकते, म्हणून त्या सकाळी सहसा देत नाहीत. पण गेल्या काही वर्षांत मधुमेहासाठी आणि हृदयासाठी डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं फार लिहून दिली जातात, आणि ती स्वस्त झाल्यामुळे घरोघरी पोचली आहेत. ती ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद करावी लागतात. नाहीतर उपास आणि शस्त्रक्रियेचा ताण एकत्र येऊन रक्तात आम्ल साठतं, आणि ग्लुकोमीटरवर साखर जवळपास ठीकच दिसत असल्याने ते पटकन लक्षातही येत नाही. वजन कमी करण्यासाठी घेतली जाणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं पोट रिकामं व्हायचा वेग मंदावतात. ती चालू असतील तर उपासाचे नेहमीचे तास अपुरे पडू शकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं तर दोन्हीकडून संकट. चालू ठेवल्या तर रक्तस्राव, आणि हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने शेजाऱ्याच्या सांगण्यावरून बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी. त्या थांबवायच्या का, किती दिवस आणि पुन्हा कधी सुरू करायच्या, हे सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर दोघांना विचारूनच ठरलं पाहिजे.

या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ असा की ऑपरेशनच्या दिवशी सकाळी औषधांची चौकशी करून उपयोग नाही. तीन दिवस आधी थांबवायची गोळी तोवर पोटात गेलेली असते. आठवडाभर आधी घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत घालून दवाखान्यात न्यावीत. नावं पाठ असण्याची गरज नाही, पाकिटं बोलतात. त्या पिशवीत वैद्यांचे काढे, सांध्यांसाठी आणलेली चूर्णं, मेडिकलमधून स्वतःच घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि झोपेची गोळीसुद्धा असू द्या. आयुर्वेदिक म्हणजे निरुपद्रवी असं समजून लोक ते सांगतच नाहीत, आणि डॉक्टर चिडतील म्हणूनही लपवतात. पूर्वी कधी कुठल्या औषधाने अंगावर पित्त उठलं होतं, घरात कुणाला भुलेत त्रास झाला होता, रात्री घोरताना श्वास थांबतो का, छातीत जळजळ होते का, दात हलतो का, कवळी आहे का, हेही सांगण्यासारखंच आहे.

तंबाखूबद्दल वेगळं बोललं पाहिजे. सिगारेट-विडी ओढणाऱ्याने चार आठवडे आधी सोडली तर जखम भरण्यात आणि फुप्फुसांच्या त्रासात फरक पडतो. तेवढं जमलं नाही तर निदान आदल्या दिवसापासून तरी ओढू नये, रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तेवढ्यातही उतरतो. पण आपल्याकडे चघळणारे जास्त. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी-तंबाखूची सवय सुटलेली नाही. वर्षानुवर्षं हे तोंडात धरलेल्या माणसाच्या गालाची आतली त्वचा दोरीसारखी ताठ होते आणि तोंड पूर्ण उघडत नाही. भूलतज्ज्ञ तोंड उघडायला लावतो, जीभ बाहेर काढायला सांगतो, उभी धरलेली तीन बोटं दातांत मावतात का बघतो, ते उगाच नव्हे. जीभ बाहेर काढून घशात काय दिसतं यावरून श्वासनलिकेत नळी घालणं किती अवघड जाईल याचा अंदाज बांधायची रीत १९८५ मध्ये ज्यांनी मांडली ते शेषगिरीराव मल्लमपट्टी मूळचे आंध्रचे आणि बोस्टनला काम करणारे भूलतज्ज्ञ. जगभर ती परीक्षा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तोंड एका बोटापुरतंच उघडतं हे ऑपरेशन टेबलावर कळणं आणि चार दिवस आधी कळणं, यात रुग्णाच्या जिवाचा फरक आहे. आधी कळलं तर वेगळी साधनं मागवता येतात किंवा मोठ्या रुग्णालयात पाठवता येतं.

इथे या शहरांमधली एक खरी अडचण येते. लहान नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ पूर्णवेळ नसतो. तो बोलावल्यावर येतो, एका दिवसात तीन-चार ठिकाणी जातो, आणि रुग्णाची त्याची पहिली भेट अनेकदा टेबलावरच होते. यात त्याचा दोष थोडा आणि व्यवस्थेचा मोठा. पण रुग्णाने सर्जनला हक्काने विचारावं: भूल कोण देणार, आणि त्यांच्याशी आधी भेट किंवा निदान फोनवर बोलणं होईल का? रिपोर्ट आणि औषधांची यादी त्यांच्यापर्यंत पोचली का? बऱ्याच डॉक्टरांना हा प्रश्न रास्त वाटतो, आणि ज्यांना तो उद्धटपणा वाटतो त्यांच्याकडे ऑपरेशन करून घ्यायचं का, याचा विचार रुग्णाने करावा.

अंघोळ, केस, दागिने याबद्दल थोडक्यात. आदल्या रात्री किंवा सकाळी साबण लावून अंघोळ करावी. ऑपरेशनच्या जागेचे केस घरी ब्लेडने काढू नयेत. ब्लेडच्या बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१६च्या मार्गदर्शनात दाढी केल्यासारखे केस काढायला स्पष्ट नाही म्हटलं आहे. गरज पडली तर रुग्णालयात मशीनने कापतात. नेलपॉलिश काढावं आणि बोटांवर मेंदी काढू नये, कारण रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा बोटालाच लावतात. मंगळसूत्र आणि बांगड्यांवरून घरात कुरबुर होते. विजेच्या उपकरणाने रक्तस्राव थांबवताना अंगावरच्या धातूने भाजण्याचा धोका असतो, हे सासूबाईंना आधीच नीट सांगितलं तर ऐनवेळी वाद होत नाही.

सही हा तयारीचाच भाग आहे, आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. संमतीपत्र बहुतेक वेळा इंग्रजीत असतं, सकाळच्या घाईत पुढे येतं, आणि बायकांच्या बाबतीत ते नवऱ्याकडे किंवा मुलाकडे दिलं जातं. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल प्रत्येक रुग्णाला ठाऊक असायला हवा. दिल्लीतल्या एका प्रौढ महिलेची दुर्बिणीतून फक्त तपासणी करायची म्हणून भूल दिली गेली. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढण्यात आले. न्यायालयाने सांगितलं की जिवाला तातडीचा धोका नसताना, सज्ञान आणि विचार करू शकणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत संमती तिचीच लागते, आईची चालत नाही, आणि तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेसाठी धरता येत नाही. म्हणून संमतीपत्र आदल्या भेटीतच मागून घरी न्यावं, कळत नसेल तर कुणाकडून वाचून घ्यावं. ‘टेबलावर आणखी काही सापडलं तर काय कराल’ हा प्रश्न विचारून उत्तर कागदावर लिहून घ्यावं. ऑपरेशन उजवीकडचं की डावीकडचं, हे स्वतः शब्दांत सांगावं आणि जागेवर पेनाने खूण करून घ्यावी. थिएटरच्या दारात नाव, ऑपरेशन, ॲलर्जी हे पुन्हा पुन्हा विचारलं जातं तेव्हा वैतागू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अशा पडताळणी यादीचा अभ्यास दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत झाला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. यादी वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. प्रश्नांनी माणसं वाचतात, याचा एवढा ठोस पुरावा क्वचितच मिळतो.

आता संध्याकाळ, म्हणजे माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत कच्चा दुवा. पूर्ण भूल किंवा गुंगीचं इंजेक्शन दिलेल्या माणसाने चोवीस तास गाडी चालवू नये, दारू घेऊ नये, महत्त्वाच्या कागदावर सही करू नये, आणि त्याच्याबरोबर रात्रभर जबाबदार मोठं माणूस हवं. रुग्णालयं ‘नातेवाईक आणा’ म्हणतात, पण नातेवाइकाने काय करायचं ते सांगत नाहीत, आणि घर कसं आहे हे तर कुणीच विचारत नाही. उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या जुन्या बराकी आणि चाळींत संडास सामायिक आहे. मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर रात्री दोनला तिथवर चालत जायचं आहे. चार मजली इमारतीला लिफ्ट नाही. नळाला पाणी येण्याची वेळ ठरलेली नाही, आणि ते आलं की हर्नियाचे टाके ताजे असलेला माणूसच बादल्या उचलायला पुढे होतो, कारण घरात दुसरं कुणी नसतं. बदलापूरहून सायनच्या टिळक रुग्णालयात ऑपरेशनला गेलेल्याला परतीचा विचार निघण्याआधीच करावा लागतो. सायनला जलद लोकल थांबत नाही, आणि टाके घातलेल्या पोटाने संध्याकाळच्या गर्दीत उभं राहणं हा पर्यायच असू शकत नाही. रिक्षेतसुद्धा खड्डे चुकवत सावकाश न्यायला सांगावं आणि पोटावर उशी धरून बसावं. पावसाळ्यात तारीख ठरवणार असाल तर उल्हास नदीचा स्वभाव ध्यानात घ्या. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह पुरात अडकली होती. जे ऑपरेशन दोन महिने थांबू शकतं, ते जुलैच्या ऐन पावसात घ्यायचं का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं.

म्हणून आदल्या आठवड्यातच घरात एक बैठक व्हावी. रात्री कोण थांबणार, कुठे झोपायचं, खालच्या मजल्यावरच्या भावाकडे दोन दिवस राहता येईल का, कमोडची खुर्ची कुणाकडून मिळेल का, मुलांना शाळेत कोण सोडणार, पाणी कोण भरणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बिघडलं तर कुठे जायचं. डिस्चार्ज कार्डावर रात्री उचलला जाईल असा फोन नंबर लिहून घ्यावा आणि तो निघण्याआधी लावून बघावा. पट्टीतून रक्त झिरपतच राहिलं, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, उलट्या थांबत नाहीत, ताप चढला, श्वास लागला, पोट फुगून दुखणं वाढत गेलं, पायाची पोटरी सुजली, मोतीबिंदूनंतर डोळा ठणकू लागला किंवा दिसणं कमी झालं, तर सकाळची वाट पाहायची नसते. कंबरेतून भूल दिल्यावर उठून बसलं की डोकं फुटल्यासारखं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, तेही डॉक्टरांना कळवायचं लक्षण आहे. जिथे ऑपरेशन झालं तिथे कुणी भेटलं नाही तर उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातलं मध्यवर्ती रुग्णालय आणि अंबरनाथचं डॉ. बी. जी. छाया रुग्णालय आहे, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यभर २०१४ पासून फुकट धावते आहे.

यावर आक्षेप येतात आणि ते पोकळ नाहीत. पहिला, हे सगळं डॉक्टरांनी बघायचं, आम्हाला काय कळतं? जबाबदारी डॉक्टरांचीच, यात शंका नाही. पण सकाळी सहाला तुम्ही काय प्यायलात, शेजारणीने दिलेली कोणती गोळी घेतलीत, तुमच्या जिन्याला किती पायऱ्या आहेत, हे जगातल्या सर्वोत्तम सर्जनलाही तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही. दुसरा, खरं सांगितलं तर ऑपरेशन रद्द होतं. होईल कदाचित, आणि तेव्हा ते रद्द होणंच बरोबर असतं. लपवून ठेवलेली गोळी टेबलावर आपला गुण दाखवतेच. तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. जीन्सच्या कारखान्यात पीसवर शिवणाऱ्या कारागिराला किंवा एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराला एक दिवस मोडणं परवडत नाही, त्याला दोन-दोन फेऱ्या कशा सांगता? उत्तर असं की दोन फेऱ्या पाडणं ही रुग्णालयाची सवय आहे, नियम नाही. सर्जनने ऑपरेशन ठरवलं त्याच दिवशी रक्त, ईसीजी, औषधांची तपासणी आणि भूलतज्ज्ञाशी फोनवर बोलणं एकाच खेपेत होऊ शकतं, आणि तसं मागितलं पाहिजे. चहामुळे किंवा न थांबवलेल्या गोळीमुळे ऑपरेशन रद्द झालं तर रुग्णाचा एक दिवस जातो आणि बरोबर आलेल्या माणसाचाही जातो. तयारी गरिबाला महाग पडते हे अर्धसत्य आहे. तयारी न करणं त्याला अधिक महाग पडतं.

चौथा आक्षेप, मग एक रात्र दाखलच राहिलेलं काय वाईट? काहींसाठी ते खरंच योग्य आहे. साखर ताब्यात नाही, झोपेत श्वास थांबतो, घरी एकटं राहतं किंवा घर दूर आहे, अशा माणसाने एका दिवसात घरी जाण्याचा हट्ट धरू नये आणि रुग्णालयानेही त्याला ढकलू नये. पण विम्याचे चोवीस तास भरायचे म्हणून राहणं निरर्थक आहे. ज्या शस्त्रक्रियांना चोवीस तासांहून कमी मुक्काम लागतो त्यांना विमा नियामकाच्या व्याख्येत डे-केअर म्हणून स्वतंत्र स्थान आहे. कॅशलेससाठी बहुतेक कंपन्यांना आधी कळवावं लागतं, तेव्हा तो फोनही आदल्या आठवड्यातच करावा. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायचं असतं. तिथेही मंजुरी आधी लागते, आणि काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, हे विचारून मगच तारीख घ्यावी.

या तिन्ही शहरांतल्या रुग्णालयांकडे माझी मागणी एकाच कागदाची आहे. तारीख देताना रुग्णाच्या हातात त्याच्या भाषेत लिहिलेलं एक पान द्या. बदलापुरात ते मराठीत असेल, उल्हासनगरात सिंधी आणि हिंदीतही लागेल. किती वाजल्यापासून जेवण बंद, किती वाजेपर्यंत पाणी, कोणती गोळी कोणत्या तारखेपासून थांबवायची, कोणती सकाळी घ्यायची, कोणाला बरोबर आणायचं, रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा. ते छापायला पाच मिनिटं आणि एक रुपया लागतो. आणि तुमच्या घरी कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर असं पान मिळाल्याशिवाय दवाखान्याच्या पायऱ्या उतरू नका. नाही मिळालं तर वहीचं पान पुढे करा आणि डॉक्टरांकडून तिथेच लिहून घ्या.